दोन जावा आणि निरोप्या बदक

एकदा काय झालं, एका बदकाला दोन मालकिणी होत्या. एकच असती तर ते पहिल्याच नाताळाला हंडीत गेलं असतं. दोन होत्या म्हणून वाचलं. कसं ते सांगते. जोनू, आधी पाय चादरीत घे.

वसईकडे केळीच्या वाडीत एक घर होतं. घरात दोन सख्खे भाऊ आणि त्यांच्या बायका. थोरली मार्थाबाय, धाकटी कोन्सूबाय. थोरलीने कुठूनसं बदकाचं अंडं आणलं आणि धाकटीच्या कोंबडीखाली ठेवलं. कोंबडी बिचारी महिनाभर बसली. पिल्लू निघालं. मग थोरली म्हणाली, अंडं माझं, म्हणून बदक माझं. धाकटी म्हणाली, कोंबडी माझी, ऊब तिची, म्हणून बदक माझं. झालं. दोघींनी अबोला धरला, तो पाच वर्षं. नाताळाला एकीने हंडी काढली की दुसरी आडवी यायची, म्हणून बदक वाचलं.

पण चूल एकच, न बोलून भागतंय होय? मग दोघी बदकाशी बोलायच्या. थोरली म्हणायची, बदका, तिला सांग, कालवणात मीठ नाही. धाकटी म्हणायची, बदका, तिला सांग, मिठाची बरणी तिच्याच हाताशी आहे. बदक आपलं मान इकडून तिकडे करायचं. फादर समजवायला आले, तर त्यांनाही चहाचं बदकामार्फतच विचारलं. फादर चहा न घेता गेले. दोघींचे नवरे तर उजाडलं की वाडीत पळायचे. मी असते तर मीही पळाले असते.

आता त्या घरात एक मुलगी होती, धाकटीची फिलू. थोरलीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे फिलू तिच्याही काळजाचा तुकडा. फिलू पाच वर्षांची झाली. हसायची, नाचायची, पण तोंडातून शब्द म्हणून नाही. वैद्य झाले, डॉक्टर झाले, काही उपयोग नाही. अरे, घरात कोणी कोणाकडे बघून बोलत नव्हतं, पोर बोलायला शिकणार कुठून? पण हे त्या दोघींना सांगणार कोण?

मग दोघींनी, एकमेकींना कळू न देता, एकच नवस केला. मारियामाउलीच्या डोंगरावर अनवाणी येईन, मेणाची जीभ वाहीन, पण माझ्या फिलूला बोलू दे. आपल्यात तसंच असतं, बरं का. पाय दुखला तर मेणाचा पाय वाहायचा, हात दुखला तर मेणाचा हात. आणि एका सकाळी दोघी एकदमच उंबऱ्याबाहेर पडल्या. एकमेकींना बघून मागे फिरतील त्या जावा कसल्या? निघाल्या. मधे फिलू, फिलूच्या काखेत बदक.

पहिल्यांदा लागली खाडी. होडीत थोरली या टोकाला बसली, धाकटी त्या टोकाला, एकमेकींकडे पाठ करून. होडी आपली जागच्या जागी गोल गोल. वल्हवून वल्हवून नावाडी दमला. म्हणाला, बायांनो, एकीकडे तोंड करून बसा, नाहीतर पोहत जा. मग बसल्या, मधे बदक ठेवून. तेव्हा कुठे होडी पुढे सरकली.

मग डोंगराच्या पायथ्याला लागलं मेणवाल्या म्हातारीचं दुकान. पाय ढीगभर, हात ढीगभर, मेणाची बाळं, मेणाची घरं. जीभ मात्र एकच. म्हातारी म्हणाली, "जीभ कोण घेतंय? दुखणं तिथलं असलं तरी लोक पायच घेऊन जातात." दोघींनी एकदम हात घातला. एकीने शेंडा धरला, एकीने बूड. सोडेना कोणीच. मग तशाच, एक जीभ दोघींत धरून, डोंगर चढू लागल्या.

डोंगराला पायऱ्या शंभर. शंभर चढल्या, बघतात तर वर अजून शंभर. त्या चढल्या, तर पुन्हा शंभर. बाकीची माणसं वर जाऊन, मेणबत्ती लावून, चणे खात खाली येत होती. थोरली म्हणाली, बदका, तिला सांग, ती जीभ ओढते म्हणून पायऱ्या वाढतात. धाकटी म्हणाली, बदका, तिला सांग, वाढतात त्या तिच्या पापाने. लगेच आणखी दहा वाढल्या.

ऊन तापलं. मेण मऊ झालं. जीभ लांबत लांबत चांगली हातभर झाली. आणि थोरलीचे गुडघे गेले. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. गुडघ्यांसाठी नाही रे, फिलूसाठी. वर पोचलोच नाही तर पोरीचं कसं व्हायचं?

 धाकटीही खाली बसली, जाऊबाईचे पाय मांडीवर घेतले, काटे काढले आणि पदराने पाय पुसले.

 थोरली डोळे पुसून म्हणाली, "बदका, हिला सांग. अंडं माझं होतं, पण ऊब हिच्या कोंबडीची होती."

आणि मुलांनो, बदकाने मान वर केली, चोच उघडली आणि चांगलं माणसासारखं म्हणालं, "तूच सांग."

पाच वर्षं निरोप वाहून कंटाळलं होतं बिचारं.

मग थोरलीने पाच वर्षांत पहिल्यांदा धाकटीच्या डोळ्यांत बघितलं. म्हणाली, "कोन्सू, ऊब तुझ्या कोंबडीची होती. माझं चुकलं."

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, अंडं नसतं तर तिने काय दगड उबवला असता? चला, उठा."

उठल्या, एक पायरी चढल्या, तर समोर देवळाचं दार.

ते हातभर मेण त्यांनी माउलीपुढे ठेवलं, गुडघे टेकले आणि फिलूकडे बघितलं. फिलू गप्पच. दोघींचा जीव चरकला. पण आता निदान रडायला एकमेकींचा खांदा होता. रडल्या, डोळे पुसले आणि परत निघाल्या.

पण पाच वर्षांचं बोलणं तुंबलेलं, ते थोडंच राहतंय? पायथ्याशी सुरू झालं, ते सासूबाईंपासून मिठाच्या बरणीपर्यंत. होडीतही चालूच. नावाडी म्हणाला, जाताना होता तो अबोला बरा होता. घरी आल्या, चूल पेटवली, दिवेलागण झाली, तरी चालूच. फिलूने एकीचा पदर ओढला, मग दुसरीचा. कोणाचं लक्षच नाही. शेवटी तिने बदकाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली,

"बदका, या दोघींना सांग, मला झोप आलीय."

थोरलीच्या हातातली पळी खाली पडली. धाकटी हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. मग दोघींनी मिळून फिलूला निजवलं. एकीने थोपटलं, एकीने गाणं म्हटलं.

बदक परत कधी बोललं नाही, त्याला गरजच पडली नाही. सगळी सुखाने नांदली. चला, डोळे मिटा आता. आणि कोणाला पाणी हवं असेल, तर मला नका सांगू. बदकाला सांगा.