जुईच्या नाकावरचे सात तडे

“मग हे कशाचे तडे, दाजी? धडकल्याशिवाय बोटीच्या नाकावर असं होईल का?”

रुपेश तोरसकरने हे विचारलं खरं, पण उत्तर त्याने वहीत आधीच लिहून टाकलं होतं. टक्कर.

दाजी कुबल बोटीच्या सावलीत उकिडवे बसून खिशात विडी शोधत होते. साठ वर्षं त्यांनी या किनाऱ्यावर होड्या बांधल्या. रुपेशने पहिला रंधा धरला तो त्यांच्याच हाताखाली. पुढे तो मुंबईला गेला, बोटी तपासायचा कोर्स केला, सर्व्हेअर झाला. आता त्याच्या पिशवीत ओल मोजायचं यंत्र होतं. यंत्र हातात आलं की माणसाची बोटं मुकी होतात, असं आपलं माझं मत.

बोटीचं नाव जुई. फायबरची, एका शिडाची, डॉक्टर आरोंदेकरांची. डॉक्टर गेल्यापासून बारा वर्षं ती शेडमध्ये पडून होती. डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे गावाच्या वहिनींनी, रुपेशला बोट घ्यायची की नाही हे सांगायला आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. त्याने नाही म्हटलं तर उद्या सकाळी एक हॉटेलवाला तिला नेणार होता. अंगणात ठेवून, आत माती भरून, शेवंती लावायला.

रुपेशला जुई हवी होती. गाव सोडला त्या दिवसापासून हवी होती.

“यात माझी पोर बसणार आहे, दाजी. आठ वर्षांची आहे. मी धोका घेणार नाही.”

“घेव नको,” दाजी म्हणाले. विडी सापडली होती. त्यांनी ती पेटवली नाही, कानावर ठेवली.

“केसासारखे तडे नुसत्या डोळ्यांक दिसाचे नाय. काजळी हाड.”

शेडमध्ये जुना कंदील होता. त्याच्या काचेची काजळी रुपेशने तेलात कालवली, बोटीच्या अंगाला चोळली आणि फडक्याने पुसून घेतली. पांढरं अंग पुन्हा पांढरं झालं. काळं राहिलं ते फक्त भेगांमध्ये.

नाकावर सात चांदण्या उमटल्या. प्रत्येकीच्या मधून बारीक रेषा चहूकडे फुटलेल्या.

“बघा,” रुपेश म्हणाला. “सात वेळा आदळलीय. ही बोट नव्हे, भंगार आहे.”

“वाजव.”

“काय?”

“मडका घेताना तुझी आवस काय करता?”

रुपेशने हातोडीच्या लाकडी दांड्याने एका चांदणीवर ठोकलं. टण. दुसरीवर. टण. सातही वाजवून झाल्या.

“आत घट्ट आहे,” तो नाराजीने म्हणाला. “तडे वरच्या चकचकीत थरातच आहेत.” तज्ज्ञाचं चुकलं की बोट चांगली निघाल्याचाही त्याला आनंद होत नाही.

“आता हंय.”

दाजींनी बोटीच्या कुशीवर तळहात टेकला. डोलकाठीला ताणून धरणारी तार तिथे बोल्टने बसवलेली होती. बोल्टच्या खाली दोन रेषा होत्या, बोटभर लांब, शेजारी शेजारी. रुपेशच्या वहीत त्या नव्हत्या.

त्याने ठोकलं. भद.

“तार ओढता, आंग हलता,” दाजी म्हणाले. “पाणी आत गेला हा.”

“मी हे लिहिलंच नाही…”

“ता बारीक होता मां.”

रुपेशने मान खाली घातली. त्या दोन रेषा वहीत टिपून म्हणाला, “कापून, सुकवून, नवीन फायबर चढवता येईल. आठवड्याचं काम आहे.”

“येतला.”

“मग ते सात कशाचे?”

दाजी गुडघ्यावर हात देऊन उठले, नाकापाशी गेले आणि पहिल्या चांदणीवर अंगठा ठेवला.

“ह्यो पयलो. गोव्यातसून हाडली त्या सालचो. डागटरान इतक्या जोरान फोडल्यान, करवंटी माझ्या कपाळाक लागली.”

रुपेशचं पेन थांबलं.

नारळी पुनवेला होडीच्या नाकावर नारळ फोडायचा, ही इथली रीत. लाकडाची होडी ते मुकाट सोसते. जुई लाकडाची नाही, हे पहिल्या वर्षी कुणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा रीत मोडवेना.

“ह्यो डागटराचा चेडू जन्माक इला त्या सालचो… ह्यो वादळातसून परत इलो, त्या सालचो…”

अंगठा सरकत सातव्या चांदणीवर आला. ती जेमतेम दिसत होती. काजळीसुद्धा तिथे धड धरली नव्हती.

“ह्यो शेवटचो. डागटर आजारी. हातात जोर खंय होतो… तीनदा मारल्यान, फुटलो नाय. मगे मी माझो हात त्येच्या हातावर ठेवलंय.”

खाडीवर भरती लागली होती.

“त्या सालचा खोबरा…” रुपेश म्हणाला, आणि बारा वर्षांत प्रथमच त्याच्या तोंडात गावची बोली आली. “मियां खाल्लंय, दाजी.”

“दोन कुडके खाल्लंस.”

रुपेश हसायला गेला, ते जमलं नाही. डोळे पुसताना काजळीचा हात गालाला लागला. मग त्याने वही उघडली आणि ‘टक्कर’ हा शब्द खोडला. त्या जागी काय लिहावं हे त्याला सुचलं नाही. वही तशीच मिटून तो वहिनींकडे होकार सांगायला गेला.

कुशीचं काम त्याने स्वतः केलं. दाजी रोज येऊन ठोकून जायचे. सहाव्या दिवशी टण वाजलं आणि सातव्या दिवशी ते आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात नारळी पुनव होती. जुई पाण्याच्या कडेला आली, मागोमाग दाजीही. नाकावर झेंडूची माळ, हळदीकुंकू, आणि आत रुपेशची पोर आधीच जाऊन बसलेली. रुपेशने दोन दिवस राबून बोटीला आरशासारखं पॉलिश केलं होतं. सात चांदण्या मात्र त्याने भरल्या नव्हत्या.

त्याने नारळ उचलला. नाकाकडे पाहिलं. पॉलिशकडे पाहिलं… आणि धक्क्याजवळच्या मोठ्या दगडाकडे वळला.

“बोटीवर नको, दाजी. आठवा तडा जाईल.”

दाजींनी कानावरची विडी काढून हातात घेतली.

“दर्यात दगड जातलो काय रे, झिला?”