सर्वांत उंच अंगण

फार जुन्या काळची गोष्ट आहे. समुद्र तेव्हाही खारट होता आणि माणसे तेव्हाही एकमेकांच्या अंगणात डोकावत होती.

त्या काळी खाडीच्या काठावर एक गाव होते. तिथे मान मोजण्याची रीत जरा निराळी होती. ज्याचे अंगण उंच, तो मोठा. खोतांचे अंगण सर्वांत उंच, असे गाव पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले होते, म्हणून न्यायनिवाड्याची बैठक तिथेच भरे. अंगणाच्या मधोमध शिसवी चौरंग होता. त्यावर खोतांचे आजोबा बसले, वडील बसले, आता खोत बसत.

अडचण एवढीच होती की पावसाळ्यात साऱ्या गावाचे पाणी याच सर्वांत उंच अंगणात येऊन साचे.

कारण साधे होते. खोतांच्या घरच्या बायका भारी टापटिपीच्या. रोज सकाळी खराट्याने अंगण असे झाडत की पाचोळ्याबरोबर चिमूटभर मातीही जाई. अंगण कधी खाली गेले ते घराला कळले नाही. पाण्याला मात्र कळले.

त्या वर्षी पाणी थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकले. मातीची भिंत ओल पिऊन पोट काढू लागली.

खोतीण म्हणाली, "अहो, ही भिंत पडली तर मी माहेरी जाईन. आणि चूल बरोबर नेईन."

खोतांनी घाईघाईने गवंड्याला बोलावले. त्याने उपाय सांगितला. चिऱ्यांची कुंडी बांधायची, वर दगडी जाळी ठेवायची, आतून खाडीपर्यंत खापरी नळ घालायचा. गाळ तळाशी राहील, पाणी निघून जाईल. नळाच्या तोंडाला झडप लावली की भरतीच्या वेळी समुद्र उलटा पाहुणा येणार नाही. फक्त अंगणातली सर्वांत खोल जागा तेवढी दाखवा.

खोतांनी चोरून गडग्याकडे पाहिले. त्या दगडी कुंपणापलीकडून शेजारचा मासेमार तांडेल कान देऊन ऐकत होता.

"गवंड्या, आमच्या अंगणात खोल जागा नाही," खोत मोठ्याने म्हणाले. "बांध कुठेही. त्या तुळशीमागे बांध."

चौरंगाखाली एक बेडूक राहत असे. तो हळूच म्हणाला, "खोत, खोल जागा तुमच्या बुडाखाली आहे. मी काय उगाच इथे बिऱ्हाड केलंय?"

"फुकट राहतोस तेवढं पुरे," खोत पुटपुटले. "सल्ला नको."

तुळशीमागच्या उंचवट्यावर कुंडी झाली. जाळीवर कमळही कोरले. मग पाऊस आला, अंगण भरले आणि साऱ्या अंगणात कोरडी अशी एकच जागा उरली, ती म्हणजे कुंडी. तिच्यावर एक कोंबडी येऊन बसली.

खोतांनी गडी लावून खराट्यांनी पाणी कुंडीकडे ढकलून पाहिले. पाणी शब्दाला मान देऊन वर जाई आणि लगेच परत येई.

"खोत, दोन घागरी पाणी धाडू का?" तांडेलाने विचारले. "तुमच्या कुंडीला तहान लागली असेल. मीच आलो असतो हो, पण श्रावण पडला. मासळी बंद, अंगात त्राण नाही."

मग एका दुपारी उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकदमच आले. नेमकी बैठक होती. पंच पटापट ओसरीवर चढले. खोत मात्र चौरंगावरून हलेनात. उतरले तर पाणी किती खोल आहे ते साऱ्या गावाला दिसणार.

थोड्या वेळाने चौरंग तरंगू लागला. खोतांना घेऊन तो सावकाश फिरला. निवाडा ऐकायला आलेले लोक, त्यांत गवंडीही, ओसरीवरून आदबीने खोतांची पाठ बघत बसले.

इतक्यात स्वयंपाकघराच्या भिंतीचे एक ढेकूळ पाण्यात पडले. खोतीण बाहेर आली. ती भांडी बाहेर काढू लागली. भांड्यांनंतर चुलीची पाळी, हे खोतांना कळले. चौरंगावर राहावे तर घर जाते, उतरावे तर आजोबांपासूनचा मान जातो. फिरता फिरता चौरंग त्यांना पुन्हा भिंतीसमोर घेऊन आला.

खोत उतरले. पाणी मांड्यांपर्यंत आले.

"गवंडीदादा," ते म्हणाले, "खोल जागा इथे आहे. मी उभा आहे तिथे."

तांडेल एकटाच हसला. ओहोटी लागताच लोकांनी चर खणून पाणी खाडीत सोडले. भिंत वाकली, पण राहिली. श्रावण सरायच्या आत त्याच जागी नवी कुंडी झाली. बेडकाने स्वतःहून बिऱ्हाड हलवले.

आता आळीतल्या सगळ्या अंगणांचे पाणी त्या कुंडीत उतरे आणि खोत स्वतः जाळी उचलून गाळ काढत. त्यात कुणाचा आमटी वाढायचा डाव सापडे, कुणाच्या गाईची घंटा. ते ज्याचे त्याला पोचवत.

श्रावण अजून सरला नव्हता, तोच एका सकाळी तांडेलाच्या बाजूने सुक्या बांगड्यांची डोकी वाहत आली. खोतांनी ती निरखली. गडग्यापलीकडे तांडेल आभाळाकडे बघत होता.

खोतांनी डोकी उचलली आणि माडाच्या मुळाशी पुरून टाकली.

"यंदा माड छान धरेल, तांडेल," एवढेच ते म्हणाले.

त्या दिवसापासून गाळ काढायला खोतांच्या आधी तांडेल हजर असे. आणि चौरंग कुंडीशेजारी मांडला, तरी गाव आपले तंटे घेऊन तिथेच येत राहिले.

तात्पर्य : आपली खोल जागा जो स्वतः दाखवतो, त्याच्याच घराच्या भिंती उभ्या राहतात.