काळा केस

“जागा सोडली की पेशी मरते म्हनलास. मग माझ्या गळ्यातल्या का न्हाई मेल्या?”

प्रश्न बिरदेवला होता.

इमामचाचा नदाफ जेनावर पडून होते. जेन म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण; ना विणायचं, ना शिवायचं. लोकर पसरायची, साबणाचं पाणी शिंपडायचं आणि केस केसाला धरेपर्यंत तुडवायची. धनगराचा बिरदेव ते त्यांच्याकडेच शिकला. पुढे पुण्याला जाऊन कर्करोगावर संशोधन करणारा डॉक्टर झाला. खोकल्याचं औषध विचारलं तर ते माझं काम नाही म्हणतो, अशी चाचा गल्लीभर त्याची थट्टा करत.

चाचांच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हा तो छाती काढून आला होता. पेशी एकमेकींना प्रथिनांनी धरून असतात, रोगट पेशी ती पकड सोडून भटकतात, असं त्याने समजावलं. त्याच्या नव्या औषधाने त्या पुन्हा एकमेकींना धरणार होत्या, जागच्या जागी गप्प बसणार होत्या. ही युक्ती त्याला जेन तुडवता तुडवता सुचलेली. चाचांनी प्रयोगाच्या कागदावर अंगठा उठवला आणि आठ महिने औषध घेतलं.

आता रोग फुप्फुसात होता.

“एकट्या सुटल्या त्या रक्तातच मेल्या, उस्ताद,” तो कसाबसा म्हणाला. “ज्यांनी एकमेकींना धरलं… त्या घोळक्याने गेल्या. त्या जगल्या.”

“आन् धरायला कुनी लावलं?”

“मीच… बहुतेक.”

चाचा रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग बिरदेव घाईघाईने दुसऱ्या औषधाचं सांगू लागला. ते पकड सैल करतं. अजून माणसाला दिलेलं नाही, पण कसंही करून मिळवतो. तुम्ही फक्त हो म्हणा.

चाचांनी अंथरुणावर बोट टेकवलं. तिथे पांढऱ्या लोकरीत काळे केस मिसळले होते.

“काळं तेवढं काढ.”

बिरदेवने चिमटीत धरून ओढलं. काळ्याबरोबर पांढरं आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. शेवटी जेनाला भोक पडलं आणि खालची जमीन दिसली.

तुमची कातडी, आतडी, सगळं त्याच पकडीवर उभं आहे, असं तो पुटपुटला. औषधाचं नाव त्याने परत काढलं नाही.

…

“ज्या तुम्हाला मारतायत,” तो म्हणाला, “त्यांना मी जगवलं, उस्ताद.”

चाचांनी उपटलेला झुबका उचलला. तळहातावर घेऊन अंगठ्याने हळूच दाबला, लोकर दाबायची त्यांची जुनी रीत होती तसा.

“माझ्याच अंगातल्या हायेत रे त्या,” ते म्हणाले. “साठ वरसं मी केसाला केस धरायलाच लावलं… सोडायचं त्यांना शिकवनार कोन?”