कितव्या पानावर

“कितव्या पानावर उठला त्यो?”

आक्कांनी नेमके हेच शब्द वापरले होते का, याची मला आता खात्री नाही. कदाचित “कुठल्या पानाला” म्हणाल्या असतील. वीस वर्षं होऊन गेली, आणि माझी आठवण सोयीचं तेवढंच राखते असा संशय मला अलीकडे येऊ लागला आहे. पण प्रश्न पानाचाच होता. आणि खरं उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं, हे नक्की.

आक्का म्हणजे हौसाबाई वायदंडे. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, क्षयाच्या वॉर्डात तीस वर्षं आया होत्या. निवृत्तीनंतर एचआयव्हीच्या समुपदेशन खोलीत येऊन बसत. शिक्षण सातवी. शिकलेले समुपदेशक अडले की माणूस त्यांच्याकडे पाठवत.

मी त्या वेळी परदेशातून सार्वजनिक आरोग्याची डॉक्टरेट घेऊन आलो होतो. समुपदेशनासाठी चोवीस पानांचा तक्ता तयार केला होता. टेबलावर तंबूसारखा उभा राहणारा. चित्रं समोरच्या माणसाकडे, मजकूर आपल्याकडे. काही सुटू नये म्हणून मजकूर बारीक अक्षरात होता. प्रत्येक पानाच्या शेवटी चौकटीत सूचना होती: ‘येथे विचारा, समजलं का?’

छापण्याआधी हौसाआक्कांना दाखवा, असं वरिष्ठांनी सांगितलं, तेव्हा मला ते लागलं होतं.

आक्कांनी तक्ता हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. म्हणाल्या, “आमच्या वॉर्डातला पडदा असाच व्हता.”

मी हसलो. मला ती थट्टा वाटली.

खोलीबाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. ट्रक चालवणारा, तिशीचा, हातात निळी चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसे, फक्त क्रमांक. रक्त तपासायला देऊन तो एकदा आला आणि अहवाल न घेताच गेला, दुसऱ्यांदाही तसंच. आज तिसरी खेप होती. अहवालाचा लिफाफा आक्कांच्या खणात होता आणि त्यात काय आहे, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती. तिला त्याने तपासणीला आणलं, तर बाळंतपणात आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला थोडं औषध देता येणार होतं. बाळ वाचण्याची आशा त्यामुळे बरीच वाढत असे.

हे सगळं माझ्या तक्त्यात होतं. अठराव्या पानावर.

मी म्हणालो, याच्याशी मी बोलतो, तक्ता कसा वापरायचा ते तुम्हाला दिसेल. आक्का म्हणाल्या, आज नको, दुसऱ्या कुणावर दाखवा. मी हट्ट धरला. त्या माणसाला विचारलं, तर तो “हं” म्हणाला आणि आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसला. आक्का त्याच्यासाठी चहा आणायला गेल्या.

मी तक्ता उभा केला. वाचू लागलो.

पान संपलं की विचारायचो, “समजलं का?” उत्तर नसायचं. आपली माणसं डॉक्टरपुढे बोलत नाहीत, हे मी प्रबंधात लिहिलंच होतं. पान उलटायचो. डोक्यावर पंखा खडखडत होता. खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा.

अठरावं पान मी विशेष सावकाश वाचलं.

चोविसावं पान संपवून मी तक्ता मिटला.

समोर खुर्ची होती. रिकामी.

आक्का दारात उभ्या होत्या, हातात चहाचे तीन कप. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

त्यांनी कप टेबलावर ठेवले, पडदा सारून फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग त्या खुर्चीवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. आईने ताप पाहावा तसा.

“गार पडलीया.”

तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला.

मी म्हणालो, अकराव्या पानावर असेल. तिथे कवटीचं चित्र आहे, घाबरला असेल. ते पान काढून टाकतो. सोळाव्यावर भाषा जरा कठीण आहे, तीही सोपी करतो...

माझा चहा आक्कांनी माझ्याकडे सरकवला. त्या माणसाचा कप तसाच राहिला.

“त्याचा पत्ता असेल ना?” मी विचारलं.

“वहीत लिवलाय की. नाव खोटं, गाव खोटं. खरी बायको तेवढी.”

“मग आता?”

त्यांनी खणातला लिफाफा काढला, पाहिला, परत ठेवला. मग माझा तक्ता उचलला, पदराने पुसला आणि टेबलावर आडवा ठेवला. दोघांच्या मधे, पण सपाट.

“चांगलं लिवलंय, डॉक्टर. छापा. फकस्त उभं करू नका.”

का, हे मी विचारलं नाही. एवढा अभ्यास, आणि यांना दिसला तो टेकू, असं वाटून गेलं. कवटीचं पान काढलं, सोळावं सोपं केलं. दहा हजार प्रती छापल्या. सगळ्या उभ्या राहणाऱ्या.

आक्का चार वर्षांनी गेल्या. लिफाफा मी जपून ठेवला होता. क्रमांक दोनशे चौदा.

त्यानंतर पाच वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या औषध केंद्रावर तपासणीला गेलो होतो. एक बाई पिशवीतून कागद काढत होती. स्वतःचे, मग मुलीचे. मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षांपासून गोळ्यांवर. तळाशी नवऱ्याची, आमच्या दवाखान्यातली जुनी निळी चिठ्ठी होती. दोनशे चौदा.

तो वारला होता. मी कोण, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं. मी एवढंच विचारलं, त्या दवाखान्यातून ते मधेच का उठून आले, काही बोलले होते का?

ती म्हणाली, “शेवटी शेवटी एकदा बोलले. सगळं सांगायचं ठरवून गेलतो म्हणाले. डॉक्टरांनी मधे पाटी उभी केली आन् त्यांचं तोंड दिसंना, तवाच उठलो.”

म्हणजे मी पहिलं पान वाचत होतो, तेव्हाच खुर्ची रिकामी होती.