गेरूची रेघ

हत्यारांना बोलता येत होतं, त्या काळची ही गोष्ट. गोमाजी पाथरवटाने अख्ख्या डोंगरातून हत्ती घडवायला घेतला, माथ्याकडून पायाकडे. माथ्यावरून खाली कडा बघूनच त्याची हातभर लांब छिन्नी बिचकली.

गोमाजीने कातळावर गेरूची एक रेघ ओढली. "डोंगराचं राहू दे. आज इथपर्यंत उतरायचं."

छिन्नीने तेवढंच मनात धरलं. रोज नवी रेघ, रोज तिथपर्यंत. धार गेली की भट्टीत तापायचं, ठोकून घ्यायचं आणि दर खेपेला थोडं झिजायचं.

वर्षं गेली. छिन्नी वीतभर उरली. एका दुपारी रेघ चार बोटांवर असताना तिची धार गेली. शेजारची पहार म्हणाली, "राहू दे उद्यावर. अशी झिजत राहिलीस तर हत्तीच्या आधी तूच संपशील."

पहारीचं खोटं नव्हतं. तरी छिन्नी गोमाजीला म्हणाली, "भट्टी पेटवा, बाबा. रेघ राहिलीय."

शेवटच्या पायाचं शेवटचं नख कोरून झालं, तेव्हा छिन्नी बोटभर राहिली होती. केस पिकलेल्या गोमाजीने तिला जमिनीवर ठेवलं. इतकी वर्षं ती खालीच बघत आली होती. आज तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

ढगाएवढं पोट, सोंडेच्या वळणात शिरणारा पारव्यांचा थवा. माथा कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, तेच तिला कळेना.

"हा कुणी घडवला?" तिने हळूच विचारलं.

गोमाजीने तिच्या टोकावरचा गेरू अंगठ्याने पुसला.