गुलबहार टॉकीजचा गॅस

“पण उस्ताद, ज्याला रंग नाही, वास नाही, जो पेटत नाही आणि कुणाला बाधत नाही, असा गॅस हवेत सोडला तर बिघडलं कुठे?”

मल्लिकार्जुन चौगुलेने हे विचारलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मिरजेबाहेरच्या वर्कशॉपसमोर, कडुलिंबाखाली, उस्ताद दस्तगीर मुजावर खाटेवर बसले होते. फ्रिज आणि एसीच्या धंद्यातले आमच्या भागातले निम्मे मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेलेत. मीही त्यांतलाच. मल्लू माझ्यानंतर दहा वर्षांनी आला आणि माझ्यापुढे वीस वर्षं निघून गेला.

आता त्याच्याकडे अकरा माणसं कामाला आहेत आणि बोलताना तो समोरच्याला मध्येच तोडतो.

काम साधं होतं. गुलबहार टॉकीज पाडायची होती. तिच्या एसी प्लांटमध्ये चाळीस किलो गॅस अजून भरलेला होता, जुन्या जातीचा, क्लोरीनवाला. टॉकीज बंद पडून बारा वर्षं झाली तरी गॅस जागच्या जागी होता, कारण प्लांटचे जोड उस्तादांच्या हातचे होते. उद्या सकाळी तिथे जेसीबी येणार होता. त्याआधी प्लांट रिकामा करून देण्याचं काम मल्लूने अंगावर घेतलं होतं. गॅस सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा तर दोन दिवस लागणार. नळी कापून सोडून दिला की अर्ध्या तासात मोकळं.

दुसऱ्याने बसवलेलं मशीन त्याला विचारल्याशिवाय खोलायचं नाही, ही आमच्यातली रीत आहे. मल्लू तेवढ्यासाठी आला होता. परवानगी मागायला आला होता असं मी म्हणणार नाही. ती मिळालीच असं धरून आला होता.

“कुणाला बाधत नाही?” उस्तादांनी विचारलं.

“शेजारी उभा राहून सोडलाय मी. साधा खोकलासुद्धा येत नाही.”

“आणि वर गेल्यावर?”

मल्लूचा चेहरा खुलला. हा त्याचा विषय. नव्या मेकॅनिकांना तो हेच शिकवायला जातो, आणि त्याचं प्रमाणपत्र ऑफिसात काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. त्याने आम्हाला सगळं नीट सांगितलं. हा गॅस खाली कशातच अडकत नाही, म्हणून पाच-सात वर्षांनी का होईना, सगळाच्या सगळा वर पोचतो. तिथे कडक उन्हात तो फुटतो आणि त्यातला क्लोरीन सुटा होतो. त्याचा एकेक कण ओझोनचे हजारो कण मोडतो. ओझोनचं पांघरूण विरलं की सूर्याचे जाळणारे किरण जास्त खाली येतात. मग डोळ्यांत मोतीबिंदू, कातडीचा कॅन्सर, अंगातली ताकद कमी होऊन आजारांना वाव.

एकही चूक नाही. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

“खाली कशातच अडकत नाही, म्हणून वर पोचतो?” उस्ताद म्हणाले.

“हो.”

“म्हणजे इथे कुणाला बाधत नाही, म्हणूनच...”

उस्तादांनी वाक्य तिथेच ठेवलं. मल्लूने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गेल्याच महिन्यात उस्तादांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर हिरवट काळा चष्मा होता. मल्लू त्या चष्म्याकडे बघत म्हणाला, “तुमचा डोळा त्यानेच गेला असं म्हणायचंय का तुम्हाला?”

मला त्याचा रागच आला. उस्तादांना आला नाही.

“वय झालं माझं. चाळीस वर्षं गच्च्यांवर उन्हात काम केलं. कशानं काय झालं, कुणाला ठाऊक? पत्ता लागत नाही, तीच तर अडचण हाय.”

मल्लू मग हिशेबीपणाने बोलायला लागला. ओझोनला पडलेलं भोक तिकडे दक्षिण ध्रुवावर, आपण इकडे मिरजेत. शिवाय ते आता हळूहळू भरत चाललंय, हे शास्त्रज्ञच सांगतात. जगाच्या पसाऱ्यात आपले चाळीस किलो म्हणजे कुठल्या झाडाचा पाला.

“भरत चाललंय?” उस्तादांना खरंच आनंद झाला. “ते कसं काय?”

“जगभर असले गॅस बनवणं बंद झालं. लोकांनी सोडणंही कमी केलं.”

“असं होय...” उस्ताद बराच वेळ मान हलवत राहिले. “म्हणजे कुणीतरी, कुठंतरी, दोन दिवस जास्त थांबलं असणार.”

तेवढ्यात मल्लूचा फोन वाजला. टॉकीज पाडणारा ठेकेदार होता. मल्लूने फोन उचलला नाही, पण त्याचा आवाज बदलला. तो म्हणाला, उद्या प्लांट रिकामा नसेल तर हे काम जातं, आणि पुढची दोन कामंही त्याच माणसाची आहेत. अकरा घरं चालतात माझ्यावर. हे म्हणताना तो तोरा दाखवत नव्हता, खरोखर घाबरला होता.

“मग सोड की,” उस्ताद म्हणाले.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

उस्ताद उठले, आत गेले आणि पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन आले. गॅस भरला की मशीनच्या अंगावर आपलं नाव, तारीख आणि किलो रंगाने लिहायचे, हे त्यांनी आम्हाला हातात पाना देण्याआधी शिकवलं होतं. पुढे काही बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून.

त्यांनी ब्रश रंगात बुडवून मल्लूच्या हातात दिला.

“उद्याचं आजच लिहून टाक. नाव, तारीख, चाळीस किलो.”

“कशावर लिहू? मशीन तर उद्या भंगारात जाईल.”

“गॅस मशीनमध्ये कुठं राहणार हाय? तो जिथं जाईल तिथं लिही.”

मल्लू ब्रश धरून उभा राहिला. त्याने भिंतीकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं. मग मान वर केली. वर पांढरं पडलेलं आभाळ होतं, बाकी काही नव्हतं. रंग ओघळून त्याच्या बोटांवर आला.

“किती वर्षं टिकतो वर?” उस्तादांनी विचारलं.

“शंभरेक...”

“तोवर कुणी विचारत आलं तर?”

“कोण येणार, उस्ताद? ज्यांच्या डोळ्यांना, कातडीला लागेल, ती पोरं अजून जन्मलीसुद्धा नाहीत.”

“म्हणून तर लिहायचं.”

...

मल्लूने बोटांवरच्या रंगाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मला हे शिकवलं कुणी? सोळा वर्षांचा होतो. पहिली नळी कापली ती तुमच्या सांगण्यावरून.”

हे खरं होतं. तेव्हा आम्ही सगळेच सोडत होतो, रोज सोडत होतो, आणि वर काय होतं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून उस्तादांनी सोडणं बंद केलं. आधीच्या वर्षांबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. मल्लूने विचारायला नको होतं असं मला त्या वेळी वाटलं.

उस्तादांनी हो म्हणून मान हलवली.

मल्लूने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, बोटं पँटला पुसली आणि ठेकेदाराला फोन लावला. बुधवारपर्यंत जेसीबी आणू नका, म्हणाला. पलीकडून बरंच काही आलं. ते त्याने मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

“तुमची पुढची कामं दुसऱ्याला द्या,” तो शेवटी म्हणाला. “पण हा गॅस मी भरूनच घेणार.”

पलीकडून फोन ठेवला गेला. ती दोन कामं खरंच गेली, हे नंतर कळलं.

आम्ही दोघांनी मागच्या आवारातून सहा रिकामे सिलिंडर उचलून त्याच्या टेम्पोत चढवले. मल्लू घामाने भिजला होता. यांच्यावर नाव लिहीन, म्हणाला, आणि रंगाचा डबा मागायला कडुलिंबाखाली आला. तिथे येऊन तो थबकला. त्याच्या बोलण्यात आता धार नव्हती, नुसती माया होती.

“उस्ताद, तुम्ही सोडलेला जो आहे... त्याच्यावर नाव कुठं लिहिलंत?”

उस्तादांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी येत होतं, ते त्यांनी बाहीने टिपलं. मग ब्रश मल्लूच्या हातात दिला.

“जागा शोधतोय, बेटा.”