सही कुणाची?

एका बड्या कंपनीत तीन हजार कम्प्युटर होते आणि ते सांभाळायला मृदुला आंबर्डेकर. पूर्वी त्यांत काही बदल करायचा झाला की चार माणसं आठ दिवस टेबलाटेबलाशी फिरायची. मृदुलानं त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे कम्प्युटरला ओळीनं द्यायच्या हुकमांचा छोटा प्रोग्रॅम, लिहिली. आता तिचा चहा संपेपर्यंत सगळं आपोआप उरकायचं.

नवे प्रशासनप्रमुख रणदिवे साहेब नेमके चहाच्या वेळी आले. "काम स्क्रिप्ट करते, मग तुमची गरज काय?" म्हणाले. तासाभरात मृदुलाला मेलवर नोकरी संपल्याचं पत्र आलं, खाली साहेबांची झोकदार सही.

ती पत्राची प्रिंट घेऊन केबिनमध्ये गेली.

"साहेब, हे पत्र कुणाचं?"

"माझं. सही दिसत नाही?"

"पण तुम्ही तर पेन हातात धरलं नाहीत. कंपनीची पत्रंही माझी अशीच एक स्क्रिप्ट तयार करते, सही चिकटवते आणि पाठवते."

"म्हणून काय झालं? काय पाठवायचं ते मी ठरवलं. जबाबदारी माझी, म्हणून पत्र माझं."

"मग कम्प्युटरवर काय करायचं ते मी ठरवते, आणि बिघडलं तर मेमो मलाच येतो. पत्र तुमचं असेल, तर ते काम माझं. आणि पत्र स्क्रिप्टचं असेल, तर मला अजून कुणी काढलेलंच नाही."

साहेब ड्रॉवरमध्ये पेन शोधू लागले. सापडेना, तेव्हा मृदुलानं आपलं पुढे केलं. त्यांनी पत्रावर 'रद्द' लिहून स्वतःच्या हातानं सही केली.